भोरड्यांची पोच

कुसुमकाकू स्वतःहून कुणाला फोन करत नाही. पापड हवे असतील त्याने तिला करावा, अशी तिची साधी व्यवस्था आहे. त्यामुळे माघातल्या त्या सकाळी, रोह्याला शाळेच्या कुंपणाशी सावरीच्या कळ्या कितपत फुगल्यात ते बघत उभी असताना फोनवर तिचं नाव दिसलं, तेव्हा आत्याने पुन्हा पाखरांना पापड चारले आणि तक्रार माझ्याकडे आली, असंच मला वाटलं. मी हसतच फोन घेतला. "वैनी गेली गो," काकू म्हणाली. "पहाटे. झोपेतच." तिच्याकडून तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकू येत होती, गच्चीमागच्या पांगाऱ्यावरून. आत्या असती तर तो आवाज नीट ऐकता यावा म्हणून तिने आम्हा दोघींना गप्प केलं असतं.

द्वारकाआत्या ही माझ्या वडिलांची मोठी बहीण, पेणला दिलेली. कुसुमकाकू तिची धाकटी जाऊ, तिला वैनी म्हणणारी. दोघींचा पोह्याच्या पापडांचा धंदा. लाटायला आळीतल्या बायका, पीठ मळणं आणि आवाज चढवणं कुसुमकाकूकडे. आत्या पूर्वी लाटायलाच बसायची, पण मनगट धरायला लागलं आणि तिची लाटण्यावरून काठीवर बदली झाली. म्हणजे गच्चीवर जुन्या साड्यांवर पापड वाळत घातलेले असतात, त्यांच्यावर कावळे, चिमण्या, साळुंक्या उतरतात, त्यांना दिवसभर हाकलत बसायचं. खरं तर हे काम ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला देतात. आत्याने ते फारच मनावर घेतलं. हाकलण्यासाठी पाखरं आधी बघावी लागतात, आणि बघता बघता ती हाकलायचं विसरून गेली. मी माझी जुनी दुर्बीण तिला दिली, त्यानंतर तर विचारूच नका. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुर्बीण, डोक्यावर पदर, आणि पायाशी साळुंक्या बिनधास्त पापड खातायत, असं ते दृश्य असायचं.

आमचा खेळ सुरू झाला तो एका फाल्गुनात. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. थंडीच्या आधी दूर उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा तापायला लागला की परत जातात. शाळेजवळची सावर फुलली की त्या तिच्यावर तुटून पडतात आणि असा कालवा करतात की मला वर्गात शिकवणं सोडून द्यावं लागतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळा थवा एकदम उठला आणि पेणच्या वाटेला, नागोठण्याच्या दिशेने गेला. मी गमतीने आत्याला फोन करून सांगितलं, भोरड्या पाठवल्यात, लक्ष ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "मिळाल्या गो. पांगाऱ्यावर हायेत." एसटीतून पाठवलेली आंब्यांची करंडी उतरवून घेतल्यावर सांगावं, तसं. त्या त्याच भोरड्या होत्या याला काडीचाही पुरावा नव्हता. मी विज्ञान शिकवते, तेव्हा हे तिला सांगणं मला भाग होतं. मग तू पाठवलेल्या कुठं गेल्या ते सांग, असं तिने उलट विचारलं.

तेव्हापासून वसंतात मी पाठवायचं आणि तिने पोच द्यायची, असं ठरूनच गेलं. पावसाळा संपला की उलट. परीट पक्षी ती पाठवायची आणि मी कुंडलिका नदीच्या काठावर जाऊन ते घ्यायचे. मधल्या वाटेवर, कासूला, आपलं कुणीच नाही याची तिला भारी हळहळ. माझ्या धाकट्या भावासाठी मुली बघत होतो तेव्हा शिक्षण, नोकरी, पत्रिका सगळं बोलून झालं की ती हळूच विचारायची, कासूची नाय का कोण? घर स्टेशनजवळ असलं आणि दारात एखादं झाड असलं म्हणजे झालं, एवढीच तिची अट. भावाने शेवटी पनवेलची मुलगी केली. आत्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, बरं झालं, पेणच्या पुढची खबर तरी लागेल. सत्यनारायणाच्या आधी नव्या नवरीला तिने आमच्या ग्रुपमध्ये घातलं होतं.

हा ग्रुप म्हणजे फोनवरचा आमचा 'पेण–रोहा पाखरं'. माझे काही सहशिक्षक, डोलवीला कंपनीत शिफ्टला जाणारे दोघं, एक-दोन पालक, आणि नुसतं वाचणारी कुसुमकाकू. कुणी काय पाहिलं ते रोज सांगायचं, एवढंच. आत्याला लिहायचा कंटाळा, ती बोलून पाठवायची, आणि पार्श्वसंगीत म्हणून कुसुमकाकूचा आरडाओरडा असायचाच. एका चैत्रात तिने कळवलं, समोरच्या कठड्यावर मोठा पांढरा पक्षी बसलाय, मान बाकदार, बगळा नाय, बगळा मी ओळखते. थोड्या वेळाने, अजून तिथंच हाय. भर दुपारी, ऊनसुद्धा लागत नाय त्याला. ग्रुपमध्ये खळबळ माजली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आम्ही तिघं-चौघं कॅमेरे घेऊन सकाळच्या गाडीने पेण गाठलं आणि धापा टाकत गच्चीवर चढलो. आत्याने काठीने दिशा दाखवली. समोरच्या गणपतीच्या कारखान्याच्या कठड्यावर, रंग न दिलेला, वाळायला ठेवलेला हंस बसला होता. आदल्या दिवशी तो एकटा असावा. आता त्याच्या शेजारी एक मूषकही होता.

लग्नापासून मूर्तींच्या शेजारात राहिलेली बाई! दुर्बिणीतून बघितलं नाहीस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बघितला की. चोचीला रंग नव्हता, म्हणून तर नवा वाटला." कुसुमकाकू हसता हसता वाळत घातलेल्या पापडांवरच बसली. आत्यालाही हसू आवरेना, आणि मग रोह्याहून आलेल्या सगळ्यांना तेलात बुडवलेल्या लाट्या खाऊ घालून तिने ते प्रकरण मिटवलं. पण त्यानंतर तिच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक वाक्य कायमचं आलं. "हलला. मी बघितला हललेला." पुढे पुढे ग्रुपमध्ये कुणीही काहीही कळवलं, की बाकीचे आधी विचारायचे, हलला का?

पापड कमी होत होते हे मात्र खरं, आणि कुसुमकाकूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चोच मारलेला पापड कुणी विकत घेत नाही. आत्याने यावर तोडगा काढला, तुकडा पापडांची एक वेगळी साडी कोपऱ्यात अंथरली, खास पाखरांसाठी. त्यामुळे शेजारच्या आळीतली पाखरंही यायला लागली. शेवटी काकूने हिरवी जाळी आणली. जाळी बसली की राखणीला कुणी नको, आत्याने खाली सावलीत बसून पुड्या भराव्यात, गुडघ्यांनाही आराम. सगळं तिच्या भल्याचंच होतं, म्हणून तर तिला भांडता येईना. त्या रात्री तिचा फोन आला, आणि तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तू तिकडून पाठवशील गो," ती म्हणाली. "पण इथं घेणारी नको का कोण?"

मी काकूशी बोलते म्हटलं, तर नको म्हणाली. जाळी बसली, आत्या खाली आली, आणि ग्रुपवरचा तिचा आवाज बंद झाला. भोरड्यांचे दिवस होते. मी एक थवा पाठवला, पोच आली नाही. मला करमेना, आणि डोलवीचे दोघंही रोज विचारायचे, आत्या कुठायत? मग एका सकाळी जाळीत साळुंकी अडकली. तिचा कलकलाट ऐकून कुसुमकाकूच वर धावली. पाय सोडवायला जावं तर ती बया हाताला चोची मारायला लागली. शेवटी काकूने कात्री आणली आणि नवीकोरी जाळी स्वतःच्या हाताने टराटरा कापली. साळुंकी सुटली आणि समोरच्या तारेवर बसून काकूलाच शिव्या देत राहिली. काकू तशीच खाली आली, कात्री ठेवली आणि म्हणाली, वैनी, जा वर, तुझी पाखरं तुझी तू सांभाळ. उरलेली जाळी पडवळाच्या मांडवाला लागली.

गेल्या वसंतात आत्याला जिना चढवेना. दोन पायऱ्यांवर दम लागायचा, डॉक्टरांनी गच्ची बंद केली. आता संपलं, असं मला वाटलं. पण काठी कुसुमकाकूने घेतली, आणि आत्या खाली अंगणात खुर्ची टाकून मान वर करून बसायला लागली. काकू वरून ओरडून वर्णन करायची, आत्या खालून ओळखायची. वैनी, काळपट हाय, कुंकू लावलाय पण कपाळाला नाय, बुडाला! अगो बुलबुल तो, रोजचा. असं दिवसभर चालायचं, आणि अख्खी आळी पाखरं शिकली. एकदा काकूने सांगितलं, डोकं काळं, तुरा हाय, आणि मागं दोन पांढऱ्या रिबिनी सोडल्यात लांबलचक. आत्या खुर्चीतून उठून उभीच राहिली. स्वर्गीय नर्तक! इतकी वर्षं ती त्याची वाट बघत होती, आणि तो आला तो ती खाली असताना. काकूने वरूनच लाटणाऱ्या बायकांना हाका मारल्या. पिठाच्या हातांनी त्यांनी आत्याला खुर्चीसकट उचललं आणि जिन्यावरून वर नेलं, वाटेत दोनदा टेकवत. तो तिथंच होता, पांगाऱ्यात. त्या दिवशीचा तिचा निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्यात धड वाक्य एकही नाही, नुसतं "हलतोय गो... बघ कशी शेपटी... हलतोय," आणि मागे सगळ्या बायकांचं हसणं. सगळ्या तिकडे बघत होत्या तोवर कावळ्यांनी एक अख्खी साडी साफ केली. काकू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती खुर्ची मग वरच राहिली, आता पुन्हा खाली कोण आणणार म्हणून.

आत्याला जाऊन आता काही आठवडे झाले. मधे फाल्गुनात सावर फुलली, भोरड्या आल्या, मुलांनी अभ्यास सोडून त्या बघितल्या. आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत थवा उठून नागोठण्याच्या दिशेने गेला. मी सवयीने फोन काढला, आत्याचं नाव शोधलं, आणि तशीच उभी राहिले. मैदानात, मुलांच्या देखत मला रडू आलं. हा थवा पाठवायचा तरी कुणाकडे? तरी ग्रुपवर लिहिलं, भोरड्या निघाल्या. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी काहीच नाही, आणि मी वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना फोन वाजला. कुसुमकाकू. आता कोण, असं मनात येऊन गेलं. पण पलीकडून इतका कालवा ऐकू येत होता की काकूला ओरडून बोलावं लागत होतं.

"मिळाल्या गो," ती म्हणाली. "पांगारा भरलाय नुसता. हलतायत. मी बघितल्या हललेल्या."

मी विचारलं, पापडांवर बसल्या असतील ना, काठी कुठाय तुझी?

"वैनीच्या खुर्चीवर ठेवलीय," काकू म्हणाली. "खाऊ दे जरा. लांबून आल्यात."