लाटण्याचा मार खाणारा पंप आणि बाबांची अट

आमच्या मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडीची हौस फार आणि गाडी निवडायची अक्कल कमी. नाहीतर माझ्याहून वयाने मोठी असलेली विलायती मोटार कोणी शहाण्या माणसाने घरी आणली असती? ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं असतील. चांद्यातल्या आमच्या दारात ती हिरवी, गोल पाठीची गाडी उभी राहिली तेव्हा शेजारणी कौतुकाने बघायला आल्या आणि मी आत भांडी आपटत बसले. पण खोटं कशाला बोलू, महिनाभरात मलाच तिचा लळा लागला.

तिचा पंप विजेवर चालायचा. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढून आणणारा, बॉनेटखाली बसवलेला डबीएवढा पंप. किल्ली फिरवली की तो टिक-टिक करायचा आणि पोट भरलं की गप्प व्हायचा. मुळीच आवाज आला नाही तर समजायचं, साहेब रुसले. मग बॉनेट उघडून त्याला लाटण्याने दोन टोले द्यायचे. मास्तर हळूच मारत, त्याने काही भागत नसे. माझा हात मात्र तो बरोबर ओळखायचा. स्वयंपाकघरातलं एक लाटणं त्याच्यापायी कायमचं गाडीत गेलं. टाकी संपत आली की याच्या उलट व्हायचं, टिकटिक थांबायचीच नाही, दम लागल्यासारखी भराभर चालू राहायची. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकलेला होता, त्यामुळे तेवढी एकच सूचना काय ती मिळायची. ती मिळेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असे.

माझं माहेर चामोर्शीच्या पुढचं, जंगलाला लागून असलेलं धानाचं गाव. बाबांनी तरुणपणी चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ते चांद्याला जायचेच. पुढे गुडघे गेले. त्या दिवशीच्या एसटीत धडधाकट माणसाला पाय ठेवता येत नाही, तिथे ते कुठून चढणार? दोन वर्षं जाणं हुकलं. त्या दिवशी बाबा घरात कोणाशी बोलत नाहीत, जेवतही नाहीत, असं वहिनी सांगायची. ते ऐकून माझ्या जिवाला फार लागायचं.

आमच्या घरात गाडी असून बाबा घरी बसणार, हे काही मला पटेना. पण त्यांचा आमच्या गाडीवर राग होता. आदल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना घेऊन चांद्याला निघालो आणि गावाबाहेर येताच पेट्रोल संपलं. शेजाऱ्याच्या बैलांनी गाडी ओढत परत गावात नेली, पुढच्या सीटवर बाबा बसलेले, आणि दोन्ही बाजूंना अख्खं गाव दात काढत उभं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो! तिसऱ्या वर्षी आम्ही दीक्षेच्या दिवसासाठी न्यायला येतो म्हटलं, तेव्हा त्यांनी अट घातली.

"येतो पोरी," ते म्हणाले. "पन तुही गाडी रस्त्यात उभी नाई राह्यली पाह्यजे. मले लोकाईसमोर पुन्हा तमाशा नाई पाह्यजे. उभी राह्यली, का मी उतरून वापस."

आता आली का पंचाईत! वाटेतल्या पेट्रोल पंपांवर डिझेल असायचं, पेट्रोल असलं तर असलं. डब्यात भरून सोबत घ्यावं, तर बाबा बिडीशिवाय चार मैल जायचे नाहीत. म्हणजे भरलेल्या एका टाकीत जाऊन यायला हवं, आणि त्यासाठी ही बया लिटरला किती चालते ते कळायला हवं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना तर आनंदच झाला. त्यांनी एक लिटरची बाटली बॉनेटखाली तारेने बांधली, टाकीची नळी काढून पंपाला बाटलीची नळी जोडली. बाटली संपून गाडी थांबेपर्यंत जायचं आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायचे. मी दगड मोजायला शेजारी.

हिशोब काही केल्या जुळेना. एकदा बारा दगड, एकदा नऊ, मग परत अकरा. मास्तर पंपाला दोष देत होते, कार्बोरेटर उघडून बसत होते. मी कपाळाला हात लावला. अहो, आपल्याकडे रस्त्याने पायी जाणारं माणूस सोडून गाडी पुढे जाते का कधी? पहिल्या दिवशी भाजीची टोपली घेतलेली बाई बसली, दुसऱ्या दिवशी तांदळाच्या गाठोड्यांसकट तिघं, आणि तिसऱ्या दिवशी एक भाऊ बकरी घेऊन. बकरीचं वजन मास्तरांच्या विज्ञानात नव्हतं. मग मी सक्त ताकीद दिली, मोजताना कोणाला घ्यायचं नाही. चेहरा दुसरीकडे करून आम्ही दोघंच गेलो तेव्हा कुठे दोनदा सारखा आकडा आला. तिघांना जाऊन-येऊन टाकी पुरत होती, वर थोडं उरतही होतं. माझा जीव भांड्यात पडला.

दीक्षेच्या दिवशी पहाटे निघून आम्ही बाबांना घेतलं. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. चामोर्शीही आली नव्हती तोच रस्त्याकडेला पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी सुनेसोबत चालताना दिसली.

"थांबवा जवाई," बाबा म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं. त्या दोघी बसल्या. पुढे एसटी न थांबल्याने खोळंबलेले चौघं भेटले. बाबांनी स्वतः सरकून जागा केली. मूल गाव येईपर्यंत आम्ही किती जण होतो ते मी मोजायचं सोडून दिलं. डिकीचं झाकण उघडं टाकून तिच्यात दोघं पाय सोडून बसले होते. बाबांच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू झोपलं होतं, आणि ते त्या म्हातारीला आमची गाडी किती जुनी, किती गुणाची ते सांगत होते. मास्तर मात्र घामाघूम. तिथल्या पेट्रोल पंपावर विचारलं, तर पेट्रोल संपलेलं.

चांदा दिसायला लागलं आणि पंपाची टिकटिक सुरू झाली. भराभर, न थांबता. मी डोळे मिटून घेतले. गावात शिरलो न शिरलो तोच दोन गचके बसले आणि गाडी थांबली.

सगळे न सांगता उतरले. बाबाही उतरले. रस्ता माणसांनी फुललेला, सगळे बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, बाबा, चुकलं आमचं, गाडी उभी राहिली. तोवर त्या म्हातारीच्या सुनेने आणि बाकीच्यांनी मागून हात लावला होता. मास्तर बाहेरून स्टेअरिंग धरून चालायला लागले.

"उभी कुठी राह्यली?" बाबा म्हणाले. "चालून तं राह्यली."

आणि दाराच्या काठाला धरून, गुडघ्यांना जपत, ते तिच्या बाजूने चालू लागले. रस्त्यातली अनोळखी माणसंही येऊन ढकलायला लागली. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

दीक्षेच्या मैदानाच्या वळणावर एका स्वयंसेवकाने आम्हाला अडवलं. पुढे गाड्या जात नाहीत म्हणाला, ही कोणाची आहे? मास्तरांनी तोंड उघडलं, पण बाबा आधीच काठी टेकत पुढे झाले होते.

"माही हाय," ते म्हणाले. "अन् हे सारे माह्यासंगं आले."