सशाचा उजवा डोळा

जपानातल्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत डोळ्यांत घालण्याच्या औषधाची चाचणी सशांवर होत असे. थेंब उजव्या डोळ्यात घालायचा, डावा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. हे काम एक जपानी बाई वर्षानुवर्षे करीत होत्या आणि दिसेल ते वहीत लिहीत होत्या. मग संगणक आला.

संगणकाची प्रणाली पुण्याच्या अभियंत्यांनी फुनाबोरीतल्या कचेरीत बसून लिहिली. मी दोन्ही बाजूंचा दुभाष्या. अभियंत्यांच्या प्रमुखाला मी ससे पाहायला बोलावले. आपण शाकाहारी आहोत, असे सांगून त्याने नकार दिला. ससेही शाकाहारीच होते. पडद्यावर सशाचा गोंडस चेहरा उमटला. जो डोळा लाल दिसेल त्यावर क्लिक करायचे. चित्र असताना अक्षरे कशाला, असे ठरले. मी रंगसंगती तपासून प्रयोगशाळेच्या वतीने मान्यतेची सही केली.

पहिल्याच चाचणीत औषध निर्दोष ठरले. सर्वांत तीव्र मात्रेलाही उजवा डोळा स्वच्छ. प्रयोगशाळेचे साहेब एक दिवस आनंदात होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारले, औषध न घातलेला डावा डोळा लाल कसा? संगणक चुकत नाही हे गृहीत होते. तेव्हा बाईंनीच थेंब चुकीच्या डोळ्यात घातला, असे निष्पन्न झाले. बाईंनी वाकून माफीपत्र दिले. सोमवारपासून त्यांना पिंजरे धुण्याचे काम नेमले गेले.

तुम्ही काही बोलला का नाहीत, असे मी त्यांना विचारले.

"वही कुणी मागितली नाही."

मी मागितली. या चाचणीच्याही प्रत्येक नोंदीत उजवाच डोळा लाल होता.

प्रमुखाला बोलावून समोर उभे केले.

"माझा उजवा डोळा दाखव."

"सोपं आहे सर, उजवीकडचा तो..." त्याचे बोट माझ्या डाव्या डोळ्याकडे निघाले आणि वाटेत थांबले. मग तो हळूच म्हणाला, "पण सर, स्क्रीन तुम्हीच अप्रूव्ह केली होती."

खरे होते. समोरच्याचा उजवा डोळा आपल्या डावीकडे येतो. बाईंना समोरच्या सशात लाली ज्या बाजूला दिसे, चित्रावर त्याच बाजूला त्या क्लिक करीत, आणि संगणक त्या डोळ्याला डावा म्हणे.

बैठकीत मी हे सांगितले आणि माझी सही दाखवली. औषधाची मात्रा उतरवली गेली. पिंजरे धुणे टळले. बाईंचे माफीपत्र मात्र परत मिळाले नाही. स्वीकारलेले माफीपत्र परत देण्याची नियमात सोय नव्हती. मी माझे लिहिले आणि फाइलमध्ये त्यांच्या पत्रावर लावले, म्हणजे उघडणाऱ्याला आधी माझे दिसेल.