पाठीवरून तासलेली बॅट

आमच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली की खाली बॅटवाल्या काकूंचं दुकान दिसतं. दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला ओळीने टेकवलेल्या बॅटी, मधोमध बॅट आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, जवसाच्या तेलाचा वास आणि पायाखाली लाकडाच्या ढलप्या. दिवसभर त्यांची मोगरी चालू असते. नवी बॅट खेळायला काढण्याआधी लाकडी मोगरीने ठोकून ठोकून मुरवावी लागते, नाहीतर पहिल्याच वेगवान चेंडूला तडकते. इमारतीत नव्याने राहायला येणारे आधी त्या ठकठकीवर कुरकुरतात. पुढे कधी आवाज थांबला की तेच घाबरून खाली डोकावतात.

हे काम काकूंना सासऱ्यांनी शिकवलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे काकूंच्या नवऱ्याला, क्रिकेट बघण्यात रस होता, बॅटीत नव्हता. "आमच्याकडे क्रिकेट त्याच्याकडे गेलं आणि कष्ट माझ्याकडे आले," असं काकू हसून सांगतात. सासरे गेले, मागोमाग नवराही गेला, मोगरी थांबली नाही.

सासऱ्यांच्या काळात मुलीची बॅट म्हणजे भावाची जुनी बॅट. खालून कापायची, मूठ बारीक करायची आणि पाठीवरून रंधा मारून हलकी करायची. "पोरीला जड देऊ नकोस, मनगट जाईल," हे त्यांचं वाक्य काकूंच्या हातात मुरलेलं. मुलींचे सामनेही तसेच, पुरुषांनी वापरून उरलेल्या मैदानावर, भर दुपारी. बघायला दोन आया आणि सावलीत झोपलेलं एक कुत्रं.

मग मुलींची वीस षटकांची लीग आली. संघांना मालक आले, खेळाडूंना करार आले, मैदानावर दिवे आले आणि सामने टीव्हीवर दिसू लागले. आमचे हे, ज्यांना माझा वाढदिवस आठवत नाही, तेही म्हणू लागले, "आज बायकांची मॅच आहे, जेवण जरा लवकर आटप."

"मग बायकांनी ती कधी बघायची?" मी विचारलं. तेव्हापासून लीगच्या दिवसांत पोळ्या हे लाटतात. गोल होत नाहीत, पण होतात.

काकूंच्या दुकानातही पाठीवर मोठाल्या पिशव्या लटकवलेल्या मुली येऊ लागल्या. त्यातलीच एक तोफ. शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंची ही मुलगी. खरं नाव शाळेच्या हजेरीत असेल, गल्लीत ती तोफच. लहानपणापासून आईबरोबर ती जड इस्त्री चालवणारी. चादरींचा गठ्ठा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने दार उघडायची. तिची बॅटही अशीच दणकट, एका क्लबच्या पुरुष खेळाडूने टाकून दिलेली. तिचे फटके मैदानाबाहेरच्या झाडांत जायचे.

लीगच्या संघासाठीच्या निवड चाचणीच्या आधी तिच्या बॅटीची मूठ कुरकुरायला लागली.

"काकू, फक्त मूठ बदलून द्या. बाकी हिला हात नका लावू."

"बरं बाई. तुझ्या राजकन्येला कोण हात लावतंय?"

काकूंनी मूठ बदलली, दोरा गुंडाळला, रबर चढवलं. मग बॅट उचलून पाहिली. फार जड. एवढ्या मोठ्या चाचणीला पोरगी असलं धूड घेऊन जाणार? आपण तिच्यासाठी काहीतरी करावं, असं त्यांना मनापासून वाटलं. बॅट शिकंज्यात उलटी आवळली आणि पाठीवरून रंधा फिरवला. सासऱ्यांनी शिकवला होता तसाच, लांब आणि एकसारखा. वर पॉलिश केलं, तेल दिलं. बॅट इतकी देखणी झाली की मला हाक मारून दाखवली. मीही वरून म्हटलं, "सुरेख."

तोफ चाचणीच्या दिवशीच धावतपळत बॅट न्यायला आली. हातात घेतली, एकदा फिरवली आणि थांबली.

"काकू, हलकी झालीय का?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मुलगी दुसऱ्या कुणाची बॅट मागून घेऊन गेली असती. पण आदल्या दिवशी 'हात लावत नाही' म्हटलं होतं ना. काकू म्हणाल्या, "मूठ नवी आहे, म्हणून तसं वाटतं. जा, उशीर होतोय."

चाचणीच्या सामन्यात शेवटच्या षटकात तोफेला खेळायला पाठवलं. फटके तिचेच होते, पण हलकी बॅट हातात आधीच पुढे जायची आणि चेंडू मागून यायचा. एक उंच उडाला आणि सीमारेषेच्या आत झेलला गेला. निवड करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तंत्र छान आहे, ताकद कमी पडते." तोफेला, ताकद कमी.

काकूंची मोगरी त्या आठवड्यात अडखळत चालली. मी खाली गेले तर त्या स्टुलावर नुसत्या बसलेल्या. न विचारताच सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, मी त्या मुलीचे हात रोज बघते. ती इस्त्री मला दोन हातांनी उचलवत नाही. तरी माझ्या डोक्यात काय, तर पोरीला जड नको."

"तुम्ही भल्यासाठीच केलंत."

"भल्यासाठी केलं ते रंध्याने. जिभेने केलं ते कशासाठी?"

मी स्टोव्हवर त्यांचा चहा ठेवला.

त्या वर्षीची लीग सुरू झाली. काकूंकडे टीव्ही नाही, त्यामुळे त्या आमच्याकडे बसायच्या, आणि पुष्कळदा तोफही यायची. मुलींचे षटकार जायचे. आमचे हे टाळ्या वाजवायचे. काकू पदराच्या टोकाची घडी घालायच्या आणि उलगडायच्या. तोफ मात्र मन लावून बघायची, मधूनच म्हणायची, "हिच्या दंडात बघा किती जोर आहे. मला कमवायला हवा." एकदा काकू पाणी प्यायच्या निमित्ताने उठल्या त्या सामना संपेपर्यंत ओट्यापाशीच उभ्या राहिल्या.

नव्या वर्षाच्या चाचणीची चर्चा सुरू झाली तशी तोफ आईला घेऊन दुकानात आली. मी खिडकीत कपडे वाळत घालत होते.

"काकू, ही बॅट जरा हलकी करून द्या. मला ताकद नाही तर निदान वेगाने तरी फिरवीन. आता एकेरी धावाच काढायच्या असं ठरवलंय."

काकूंनी रंधा हातात घेतला, परत ठेवला.

"ताकद तुझी गेली नव्हती गं. लाकूड गेलं होतं. मी तासलं. तू नको म्हणाली होतीस, तरी तासलं. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

तोफेने बॅट उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला.

"वर्षभर मी स्वतःला शिव्या देतेय, काकू."

"माहीत आहे."

"रोज बघत होतात तुम्ही."

"बघत होते."

आईच शेवटी म्हणाल्या, "ताई, कपडा जळला की आम्ही गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगतो. शिव्या खातो. पण घडीत लपवून देत नाही."

काकूंनी मान खाली घातली. तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी माळ्यावरून एक बॅटीच्या विलो लाकडाचा जाड ठोकळा उतरवला. सासऱ्यांनी चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला. दोन पिढ्या तसलं गिऱ्हाईक आलंच नव्हतं.

तोफ म्हणाली, "मी इथे उभी राहणार. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

ठोकळ्याला मूठ बसली. मग रंधा फिरायचा, काकू बॅट पुढे करायच्या, तोफ फिरवून बघायची आणि परत द्यायची. मग एकदा तिने बॅट परत दिली नाही.

"थांबा."

"अगं, पाठ ओबडधोबड दिसते. एकच हात मारते, साफ होईल."

तोफेने बॅट छातीशी धरली. काकूंनी रंधा खाली ठेवला. ती बॅट मुरवायला त्यांनी इतकी मोगरी चालवली की आमच्या भांड्यांनाही ताल धरता यायला लागला.

तोफेची निवड झाली. तिच्या पहिल्या सामन्याला आमच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीवाल्या बाई पुढे आणि काकू दाराशी, चप्पल घालून, निघायच्या तयारीत असल्यासारख्या. तोफेने तो फटका मारला, अगदी गेल्या वर्षी झेल गेला होता त्याच दिशेने. चेंडू रेषेवरून, प्रेक्षकांवरून, दिव्याच्या खांबापलीकडे गेला. आमच्या यांनी लाटणं वर केलं. इस्त्रीवाल्या बाई रडत होत्या आणि हसत होत्या. मागे वळून त्यांनी काकूंचा हात धरला आणि ओढून पुढे बसवलं.

काकू पडद्यावरची ओबडधोबड पाठीची बॅट बघत होत्या. टाळ्या थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "हा गेल्या वर्षीच जायचा होता."