पेटीवरचा पत्ता

नगरच्या एका प्राध्यापकांनी मला फसवलं. प्रोग्राम माझा, त्यावरचं नाव त्यांचं, आणि दुरुस्ती बाहेर सोडायची किल्लीही त्यांच्याच खिशात. हे आधीच सांगून टाकतो, कारण रागात सांगायला गेलो की माझं बोलणं भलतीकडे जातं. आणि आता रागवायचाही कंटाळा आलाय.

पारनेरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सामाईक विहिरीवरची मोटर जळाली की चार-पाच भागीदार एकदम येतात. मोटर राहते बाजूला, पाण्याची पाळी कोणाची यावरून ते माझ्याच बाकावर बसून भांडतात. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कोणाचे किती तास बुडाले याचा मेळ कधी लागत नाही. ती भांडणं ऐकून ऐकून मी पाळ्या लावून देणारा प्रोग्राम लिहिला. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. एका जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून चुकत चुकत शिकलो. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला.

अडलं ते वाटण्यावर. लिनक्सचे प्रकार ढीगभर. माझ्या मशिनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या मशिनवर उघडायचाही नाही. यावर उपाय सँडबॉक्स पॅकेजचा. प्रोग्रामला लागणारं सगळं एका बंद पेटीत भरायचं, मग ती पेटी कुठल्याही लिनक्सवर चालते. मात्र आतल्या प्रोग्रामला पेटीबाहेरचं काही दिसत नाही. फाइली, इंटरनेट, उपकरणं, जे हवं त्याची परवानगी अर्जात मागायची, आणि लोक जिथून अशा पेट्या उतरवून घेतात ते इंटरनेटवरचं भांडार चालवणारी माणसं ती तपासणार.

इथे मी माती खाल्ली. तांब्याच्या तारेपासून गाळ्याच्या भाड्यापर्यंत आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी. समोरचा निम्मं कापणार हे धरूनच मागायची सवय. मी सगळंच मागितलं. पूर्ण होम फोल्डर, इंटरनेट, सगळी उपकरणं. हवं होतं एवढंच, की पाळ्यांचा तक्ता सेव्ह व्हावा आणि छापता यावा. म्हटलं, ते दोन गोष्टी कापतील, मी कुरकुर करीन, मधे कुठेतरी जुळेल.

तपासणारा कुठल्या देशात बसला होता कोण जाणे. त्याने प्रत्येक परवानगीसमोर एकच शब्द लिहिला, "कशासाठी?" मी इंटरनेट सोडून दिलं. त्यावर त्याने विचारलं, "मग आधी का मागितलं होतं?" आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. मी भडकलो, नको ते लिहिलं, आणि त्याने अर्ज बंद केला.

त्याच आठवड्यात प्राध्यापक आले, बंगल्यावरची मोटर घेऊन. जुनं गिऱ्हाईक, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. मी सगळं सांगितलं तर पोट धरून हसले.

"अहो मिस्त्री, तो काय कांद्याचा व्यापारी आहे का? तिथे काहीच मागायचं नसतं. फाइल निवडायची खिडकी उघडते, माणूस निवडेल तेवढी एकच फाइल आत जाते. मी टाकतो अर्ज."

"टाका, सर."

"पण पेटीची ओळख वेबसाइटच्या पत्त्यावरून ठरते. तुमची वेबसाइट आहे का?"

"दुकानाला पाटी धड नाही, वेबसाइट कुठली?"

"मग तूर्त माझा पत्ता घालू. नंतर बदलता येईल."

तूर्त. साध्या बेअरिंगचीही पावती मागणारा मी, त्या शब्दावर मान डोलावली.

पेटी मंजूर झाली. पानावर निर्माता म्हणून त्यांचं नाव. कॉलेजात सत्कार झाला, शाल, नारळ. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की पत्ता बदलला की ती पेटीच वेगळी धरली जाते, आणि लोकांनी भरलेल्या नोंदी जुन्या पेटीत अडकून पडतात.

मग जामखेडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. तक्त्याच्या तळाला माझाच नंबर छापलेला असतो.

"मिस्त्री, तुमच्या कम्प्युटरनं माझी पाळी गिळली की ओ! मधीच लाइटीचा टाइम बदलला, आन् तक्त्यात माझं नावच न्हाई. चुलतभाऊ म्हन्तो, कम्प्युटर खोटं बोलत न्हाई."

"बघतो."

"बघतो काय? मका वाळायलाय हितं."

चूक माझीच होती. आठवड्याच्या मधे विजेची वेळ बदलली की एक माणूस गळत होता. संध्याकाळपर्यंत दुरुस्त केली, जेमतेम तीन ओळी. चुलतभावालाही फोन केला. तो म्हणाला, "कम्प्युटरमधी दाखवा, मंग सोडतो मोटर."

दुरुस्ती पाठवून दिली. ती लोकांपर्यंत जायला प्राध्यापकांनी आपल्या खात्यातून एक बटण दाबायचं. फोन केला तर म्हणाले, "परीक्षांची कामं आहेत हो, मिस्त्री. आणि कोड खुला आहे ना? मग तुमचं-माझं कशाला करता?"

कोड खुला आहे, सर. बटण खुलं नाही.

याला तीन आठवडे झाले. मी रोज दुकान उघडल्यावर आधी ते पान बघतो, मग मोटरीला हात लावतो. दुरुस्ती तिथेच पडून आहे. नाव राहू द्या तुमचं, सर, शालही ठेवा. पण जामखेडला तो माणूस अजून आपल्याच विहिरीवर आपलं नाव शोधतोय, आणि दर दोन दिवसांनी मला विचारतोय. आता त्याला मी उत्तर देणार नाही. बटण का दाबलं नाही, ते तुम्ही त्याला फोन करून सांगा. त्याचा नंबर तक्त्यावर नाही, माझ्याकडे आहे. कधी घेताय?