कुंपणाबाहेरचा पैलवान

चंद्रहास वर्तक आयुष्यात एकदाही कुणाच्या अंगावर धावून गेला नव्हता. ठाण्याच्या शाळेत आपण कबड्डीच्या संघात होतो, असं तो सांगायचा. ते खोटं नव्हतं. तो गुण लिहायचा. पोराला धुळीचा त्रास आहे, अशी चिठ्ठी त्याच्या आईने डॉक्टरकडून आणली होती.

आता तो नेदरलँड्समधल्या आल्मेरेत राहत होता. ॲमस्टरडॅमच्या एका बँकेत त्याचं काम धोके शोधण्याचं. काय बिघडेल, किती बिघडेल, याचे तो तक्ते करी. लाल, पिवळा, हिरवा. कोरोना आला, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, आणि तक्ते घराला लागू झाले. वर्ष उलटलं तरी सुपरमार्केटमधली केळी तो साबणाने धूत होता. पोस्टाची पाकिटं मागच्या शेडमध्ये तीन दिवस पडून राहत. शेजारच्या मीनलने दारात ठेवलेल्या पुरणपोळ्या त्याने सरळ कचऱ्यात टाकल्या. त्याच्या बायकोने, शोभाने, ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सतरा वर्षांच्या संसारात तिला ते छान जमू लागलं होतं.

आणि हाच माणूस तेरा वर्षांच्या मुलीला, अवनीला, दर शनिवारी अमेरिकन फुटबॉल खेळायला पाठवायचा. पायाने खेळायचा तो नव्हे. डोक्यावर हेल्मेट चढवून समोरच्याला धडकायचं आणि आडवं पाडायचं, तो.

वर्गातल्या मैत्रिणीमुळे अवनी तिकडे गेली. तिला आवडलं. ती चांगली खेळायची. पण तिचं आवडणं लवकरच मागे पडलं आणि चंद्रहासची छाती पुढे आली.

"हातपाय मोडतील रे तिचे," शोभा सुरुवातीला म्हणाली होती.

"अगं, आपली कबड्डीच आहे ही. हेल्मेट घालून."

"तू कधी खेळलास कबड्डी?"

"मी संघात होतो, शोभा."

त्या वर्षी मोठ्यांचे खेळ बंद होते. मुलांना मैदानावर परवानगी होती, पालकांना नव्हती. त्यांनी कुंपणाबाहेर थांबायचं. चंद्रहास कालव्यापलीकडच्या बांधावर उभा राही. तोंडावर दोन मास्क, हातात मोबाइल. तिथून तो मराठीत ओरडे, "पाड तिला! कच खाऊ नकोस!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते शोभाला त्या बांधावर कळलं.

संध्याकाळी तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ पडायचा. खाली 'वाघीण', 'झाशीची राणी'. एकदा अ‍ॅमस्टेलव्हीनच्या राजनने लिहिलं, "आमचा कुशल आपला बुद्धिबळ खेळतो बाबा. घरातच."

चंद्रहासने लगेच उत्तर दिलं, "मुलांना कापसात गुंडाळून ठेवणं हाही एक धोकाच आहे, राजन."

हे लिहिताना तो केळी वाळायची वाट पाहत होता.

मार्चमधल्या एका शनिवारी अवनी घरी आली ती थेट झोपली. डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी मळमळ. सोमवारी ऑनलाइन वर्गात तिला अक्षरं वाचवेनात. चंद्रहासने तिची रवानगी माळ्यावरच्या खोलीत केली. ताट दाराबाहेर. मग गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवून तो तिला टेस्टला घेऊन गेला.

मंगळवारी निकाल आला.

"निगेटिव्ह!" तो जिन्यातूनच ओरडला. "काही झालेलं नाही पोरीला. स्क्रीनचा त्रास आहे सगळा."

त्याने स्वतःच्या हाताने शिरा केला. शोभानेही दोनदा घेतला. डोकेदुखीचं त्या वर्षी एकच कारण असायचं, आणि ते नाही म्हटल्यावर दुखण्याचं काय करायचं, हे कुणाला सुचत नसे. त्या शिऱ्याची तिला पुढे लाज वाटली.

एक शनिवार अवनी घरीच राहिली. त्यापुढच्या शनिवारी तिने खेळायचे बूट बाहेर काढले. शोभाने पाहिलं, पोरगी पायरीवर बसून, भिंतीला हात लावून नाडी बांधतेय.

"काय गं, काय होतंय?"

"आय ॲम फाइन, आई."

"माझ्याकडे बघून सांग."

"फाइन म्हटलं ना!"

बापलेक गेले. शोभा टेबल आवरू लागली. चंद्रहासचा लॅपटॉप उघडाच होता, त्यावर त्याचं व्हॉट्सॲप. ती त्याचे मेसेज कधी वाचत नसे. पण तिच्यासमोरच एक उमटला. अवनीच्या प्रशिक्षकाचा, योस्टचा. अवनी परत येतेय याचा आनंद आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली हे बरं झालं.

कोणत्या डॉक्टरांनी?

तिने मागचं वाचलं. दोन आठवड्यांपूर्वी योस्टने स्वच्छ लिहिलं होतं. अवनी पडली, डोकं जमिनीवर आपटलं, मेंदूला धक्का बसला असावा. आजच डॉक्टरांना फोन करा. ते हो म्हणेपर्यंत खेळ नाही. खाली नवऱ्याचं उत्तर होतं. टेस्ट केली, निगेटिव्ह आहे, डॉक्टर म्हणाले ठीक आहे. त्याखाली त्याने आज भरलेला क्लबचा फॉर्म. ताप? नाही. खोकला? नाही. डोकेदुखी? नाही.

शोभाने सायकल काढली.

मैदानाच्या फाटकावर साखळी होती आणि पाटी. तिने साखळी ओलांडली. बांधावरून लगेच आवाज आला.

"शोभा! आत जायचं नाही! पालकांना परवानगी नाही! शोभा, मास्क! अगं, दीड मीटर!"

ती चालत राहिली. योस्टने हात वर केला. तिथेच थांबून तिने मोडक्या डचमध्ये सांगितलं, डॉक्टर नाही. कुणीच पाहिलं नाही हिला. निगेटिव्ह ती कोरोनाची टेस्ट.

योस्टने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बांधाकडे. मग शिट्टी वाजवली. अवनीच्या डोक्यावरचं हेल्मेट त्याने स्वतः उतरवलं. पोरगी चिडेल, असं शोभाला वाटलं होतं. अवनी गवतावर बसली.

"आई, ऊन डोळ्यांत जातंय," ती म्हणाली.

आभाळ भरलेलं होतं.

सुट्टीच्या दिवशीच्या डॉक्टरकडे एकाच पालकाला आत सोडत होते. शोभा गेली. चंद्रहास गाडीत बसला. मघापासून तो एवढंच म्हणत होता, "सगळ्यांसमोर तमाशा करायची गरज होती का?" पोरीला खेळू द्यावं की नाही, हे शोभाला अजून ठरवता येत नव्हतं. खेळात ती पडली होती. पण योस्टने तिला उचललं होतं. पाडून ठेवलं होतं ते घरच्या माणसाने.

डॉक्टरीणबाईंनी अवनीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. एका पायावर उभं केलं. पोरगी डुगडुगली. तेव्हा किती वेळ पडून होतीस, असं विचारलं, तर अवनी म्हणाली, आठवत नाही. तिथे कुणी पाहिलं होतं?

"तिच्या बाबांनी," शोभा म्हणाली. "व्हिडिओ आहे."

तिने गाडीतल्या चंद्रहासला फोन लावला. व्हिडिओ आला. अवनी धावते, समोरच्या मुलीला धरते, दोघी पडू लागतात. आणि संपतो.

"पुढचं कुठाय?"

"पुढचं... कापलं मी. ग्रुपवर टाकायचं होतं ना."

"ठेवलंयस कुठे?"

"नाही. उडवलं."

"बरं. किती वेळ पडून होती, ते तरी सांग. डॉक्टर विचारतायत."

त्याने गाडीतला हीटर वाढवला, ते फोनवर ऐकू आलं.

"चंद्रहास, दहा सेकंद? मिनिट?"

"मी मोजलं नाही गं," चंद्रहास म्हणाला.

शोभाने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनी कागदावर वेळेच्या रकान्यात नुसती एक रेघ मारली.