शालूबाईंची उलटतपासणी

शालूबाई मूळच्या वाशीमकडच्या. आयटीवाल्यांसाठी कोथरूडभर इमारती उठत होत्या, त्या काळात त्यांचा नवरा कोंडीराम एका साइटवर वॉचमन लागला आणि दोघं वारज्यात पत्र्याच्या खोलीत राहू लागली. एके दिवशी कोंडीराम लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात पडून मेला. बिल्डर जयसिंग मातीलासुद्धा फिरकला नाही. शालूबाईंनी भरपाईसाठी कामगार न्यायालयात दावा लावला, तेव्हा त्याने लेखी उत्तर दिलं: हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, सळया चोरायला शिरला असावा.

वकिलाने ते वाचून दाखवलं. त्या दिवसापासून शालूबाईंना भरपाईशी देणंघेणं उरलं नाही. त्यांना जयसिंगची मान खाली गेलेली बघायची होती.

वकील मात्र नुसत्या तारखा घेत राहिला. मग एकदा तो जयसिंगच्याच गाडीतून उतरताना त्यांना दिसला. त्यांनी भर रस्त्यात त्याच्या काखेतली फाइल ओढून घेतली. दुसऱ्या वकिलाकडे गेल्या, तर तो म्हणाला, "आधीच्याची ना हरकत आणा." आधीचा ती देईना.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुमचे वकील कुठे आहेत?"

"मीच उभी हाय."

"सरकारकडून फुकट वकील मिळतो. अर्ज करा."

"वकील पाहून झाला, सायब. याले मलेच इचारायचं हाय."

जयसिंग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तशा शालूबाई ओरडल्या, "तूच मारलं त्याले!" जयसिंगचा वकील ताडकन उठला. न्यायाधीश म्हणाले, "भाषण नको. प्रश्न विचारा." पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा वकील उठलाही नाही, बसल्या जागी हसला.  शालूबाई विचारायचं ठरवलेलं सगळं विसरल्या, उरली नुसती आग.

"साइटवरचं कुत्रं आजारी पडलं, तवा तुमी डाक्टर आनला होता का नाई?"

"आणला होता. मग?"

"अन् माहा नवरा दुपारपावतर खड्ड्यात पडून होता! कुत्र्याची एवढी माया?"

"मुका जीव आहे तो," जयसिंग वैतागून म्हणाला. "कोंडीरामच रडत आला होता माझ्याकडे, कुत्रं खात नाही म्हणून..."

आणि तो थांबला.

वकील उठला, पण न्यायाधीशांनी त्याला हातानेच बसवलं. "कोण कोंडीराम?"

जयसिंगने कठडा धरला. "वॉचमन."

"कुणाचा?"

"आमचा."

टाइपरायटर खडखडला. काय घडलं ते शालूबाईंना जयसिंगच्या तोंडाकडे बघून कळलं. ते राखेसारखं झालं होतं. त्या डोळे भरून बघत राहिल्या.

बाहेर व्हरांड्यात तो हात जोडून आडवा आला. "ताई, आपण मिटवून टाकू."

"आधी म्हन, तो चोर नव्हता."

"नव्हता."

"मोठ्यानं."

वकील, कारकून, पक्षकार सगळे वळून बघू लागले. जयसिंग मोठ्याने म्हणाला. शालूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता निकालच घेईन."

निकाल त्यांच्या बाजूने लागला. जयसिंग अपिलात गेला, तिथंही हरला.

काही वर्षांनी त्याला अर्धांगवायू झाल्याची बातमी आली. शेजारची नीरजा म्हणाली, "मावशी, आता तरी सोडून द्या. देवानेच बघितलं त्याच्याकडे."

"देवानं मंग पाह्यलं," शालूबाई म्हणाल्या. "आधी म्या पाह्यलं."

आणि त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.