तिसरा डबा

शेठच्या मोटारीत चुकीचं तेल गणूमिस्त्रीने नाही, मी ओतलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

गणूमिस्त्री तेलाचा आधी वास घ्यायचा. इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून, डोळे मिटून नाकाशी धरायचा आणि मग एक थेंब कोऱ्या कागदावर सोडून तो पसरेपर्यंत बसून राहायचा. जव्हारच्या बाजारात लोक थट्टा करायचे, "मिस्त्री, कालवण चाखताय का?" तो म्हणायचा, "चाखलं असतं, पन बायको घरात घेनार नाय."

संस्थान होतं तोवर तो दरबारच्या मोटारखान्यात होता. विलीनीकरणानंतर मोटारखान्याला कुलूप लागलं. सूर्यमाळच्या पाड्यावरचा, वीतभर जमीन नसलेला हा माणूस पुन्हा मजुरीला लागायच्या बेतात होता. तेवढ्यात सरकारी रस्त्याच्या कामावर मिस्त्रीची जागा निघाली. आमचे ठेकेदारशेठ म्हणाले, "रस्त्याचे सरकारी साहेब पाहणीला येतायत, त्यांना माझ्या मोटारीतून सूर्यमाळचा चढ विनाखोळंबा दाखव. मी तुझ्यासाठी शब्द टाकतो."

मोटार अमेरिकन, शेठ तिचे तिसरे मालक. तिला क्लच नव्हता; गिअर आपोआप पडत. त्यासाठीचं लाल तेल पार काळं पडलं होतं. मी शेठचा कारकून. गणू मला म्हणाला, "भाऊसाहेब, मुंबईहून तीन डबे मागवा. खालच्या थाळीचा बूच सोडला का अर्धंच निघतं. बाकीचं फुडच्या गोल डब्यात ऱ्हातं, त्याचा बूच निराळा."

मी मान डोलावली आणि चिठ्ठीत दोन लिहिले. दरबारी उधळेपणाची सवय, दुसरं काय, असं वाटलं. खरं सांगायचं तर अंगठा उठवणाऱ्या माणसाने मला आकडा सांगावा, हेच खुपलं होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी त्याने काम काढलं. मोटार फिरवून गरम केली, दोन्ही बूच सोडले, शेवटचा थेंब गळेपर्यंत हात बांधून बसला. शेठ येरझारा घालत होते. "अरे, गाय पिळतोस का मोटार?" दोन्ही डबे रिकामे झाले. इंजिन चालू ठेवून त्याने लाल तेलाची पट्टी पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"तिसरा कुठं हाय?"

"मागून येतोय," मी म्हणालो.

"मंग तो आल्याबिगर मोटार हलवू नका. मी भाकर खाऊन येतो."

तो गेला. शेठ सारखे विचारत होते, "झालं का? झालं का?" पलीकडे ट्रकच्या इंजिनाचं तेल ठेवलेलं होतं. पट्टीवरच्या खुणेपर्यंत मी तेच ओतलं. गणू आल्यावर सांगितलं, "डबा आला, मी ओतला." त्याने पट्टी काढून खूण पाहिली, नाकाकडे नेली, तेवढ्यात मी म्हणालो, "माझ्यावर एवढाही विश्वास नाही का, मिस्त्री?" तो ओशाळला. पट्टी पुसून त्याने परत खोचली.

दुसऱ्या दिवशी मोखाड्यापुढे, सूर्यमाळच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि चाकं जागची हलेनात. जळका धूर आला. साहेब उतरून पायी निघाले. शेठ सगळ्यांदेखत गरजले, "मोटारी हाकायची अक्कल नाही, निघाले सरकारी मिस्त्री व्हायला!"

गणूने पट्टी काढली, वास घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत; माझ्याकडे पाहत राहिला. मी रुमालाने चष्मा पुसत होतो. पुसून झाला तरी पुसत होतो.

"माझीच चूक, शेठ," तो म्हणाला. "मी वास नाय घेतला."

ती जागा दुसऱ्याला गेली. गणू त्या साली कुटुंबासह ठाण्याकडे वीटभट्टीवर गेला आणि तिकडेच वारला. पुढे मीच सरकारी नोकरीत लागलो, बढत्या घेतल्या. त्याचा मुलगा पाड्यावर परतला आहे, हे मला कधीचं ठाऊक आहे. परवा बाजारात कुणी तरी त्याला म्हणालं, "तुझ्या बापानं शेठची मोटार जाळली." तो खाली मान घालून निघून गेला. मी तिथेच उभा होतो.

त्याच्या दारात जाऊन, चार माणसांसमोर, मोटार मी जाळली हे सांगायचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.